टेस्टपुरतं फंक्शन बदलतोस? आधी हे पाहा

भाऊ, क्लोजर या प्रोग्रामिंग भाषेत टेस्ट लिहिताना तू मेल पाठवणारं फंक्शन 'विथ-रीडेफ्स'नं, म्हणजे कंसापुरतं फंक्शन बदलणाऱ्या सोयीनं, बदललं, तरी खरे मेल जाऊन राहिले, असंच ना? आधी तुझा 'मॅप' पाहा. मॅप म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारा; क्लोजरमधला मॅप आळशी. यादी हातात देतो, पण मागितल्याशिवाय काम करत नाही. तू मागतोस तेव्हा विथ-रीडेफ्सचा कंस मिटलेला असतो आणि जुनं फंक्शन जागेवर परत आलेलं असतं. कंसाच्या आतच 'डूऑल' लाव, म्हणजे सगळं काम तिथंच उरकतं. या एका शब्दापायी मी आयटी पार्कात अख्खी रात्र काढली आहे बाप्पा. सकाळी तर्री-पोहेही गोड लागले नाहीत.

दुसरं, विथ-रीडेफ्स मूळ व्याख्याच बदलतं, त्यामुळे सगळ्या थ्रेडना, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, नवंच दिसतं. टेस्ट समांतर चालवल्यास तर एक टेस्ट दुसरीचं खोटं फंक्शन 'मूळ' समजून जपते, आणि शेवटी तेच मुक्काम ठोकतं. थ्रेडपुरतं हवं तर 'बाइंडिंग' वापर; पण आवृत्ती १.३ पासून व्हारवर, म्हणजे व्याख्या धरून ठेवणाऱ्या नावावर, 'डायनॅमिक' अशी खूण लागतेच. नावाला दोन्हीकडून तारे (*) लावून भागत नाही.

मला विचारशील तर मेलचं फंक्शन सरळ आर्ग्युमेंट म्हणून दे. टेस्टमध्ये खोटं दे, बाहेर खरं.