जॅझ ड्रमर राशिद अली ठेकाच धरत नव्हते, तर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसोबत ते नेमकं वाजवत काय होते? तबला शिकणाऱ्याने त्यांना ऐकावं का?

साथ वाजवत होते. हे ज्याला एका वाक्यात पटलं त्याने पुढे नाही वाचलं तरी चालेल. पण हाच प्रश्न माझ्या घरात कित्येक वर्षं धुमसतोय आणि तो विचारणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं मिरजेचे, एकाच गुरुजींकडे तबला शिकलेले. दादा पुढे गवयांच्या साथीला बसू लागला, मी ऑर्केस्ट्रात ड्रम्सवर गेलो. दादाचं म्हणणं ठाम आहे: साथ म्हणजे ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल फिरून फिरून वाजवणं, आणि ज्याला ठेका धरायचा नाही त्याने वाद्य बांधून घरी जावं. मी त्याला पहिल्यांदा या दोघांची 'इंटरस्टेलर स्पेस' ही रेकॉर्ड ऐकवली तेव्हा त्यातलं 'मार्स' अर्धंही झालं नव्हतं. तो म्हणाला, "हे वादन नाही, भांडण आहे." आणि उठून गेला. ते मला आजही लागतं.

ज्या ध्वनिमुद्रणाबद्दल तो हे बोलला ते असं. २२ फेब्रुवारी १९६७, न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ. जॉन कोल्ट्रेन टेनर सॅक्सवर, राशिद अली ड्रम्सवर, तिसरं कुणीच नाही. पियानो नाही, बास नाही. अलींनी नंतर मुलाखतींत सांगितलंय की स्टुडिओत पोचेपर्यंत त्यांना याची कल्पनाच नव्हती. बाकीचे कुठे आहेत असं विचारल्यावर कळलं की आज आपण दोघंच. त्याच जुलैत कोल्ट्रेन गेले. रेकॉर्ड बाजारात यायला १९७४ उजाडलं.

आता तबल्याच्या माणसाने विचार करावा. सोलो वाजवताना पेटीवाला लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची एकच धून, धरून बसलेला असतो, म्हणून आपण कायदा, रेला, गत घेऊन हवं तिथे जाऊन येतो. ख्यालाच्या साथीला उलट: आपण ठेका धरतो आणि गवई मोकळा होतो. दोघांपैकी एकाने कायम बांधलेलं राहायचं, असा आपला करार आहे. त्या स्टुडिओत बांधलेलं कुणीच नव्हतं. लेहरा नाही, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा नाही, हातावर ताल देणारा नाही. तरी दोघं एकदाही एकमेकांना सोडून जात नाहीत. सुरुवातीला घुंगरांसारखा छोट्या घंटांचा आवाज येतो, अली एकटेच सुरू करतात, मग सॅक्स येतो. आणि कोल्ट्रेनची फेक वर चढली की स्नेअर आणि झांजा आधीच तिकडे निघालेल्या असतात. त्याच रेकॉर्डवरच्या 'व्हीनस'मध्ये तर अलींच्या हातात ब्रश आहेत. दादाने तेवढं जरी ऐकलं असतं तरी भांडण हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता.

आणि आपल्याकडे असं काही नाही, हे निदान दादाने म्हणू नये. धृपदाच्या साथीचा पखवाजी ठेका धरून बसत नाही. गवयाच्या उपजेबरोबर, म्हणजे आयत्या वेळच्या विस्ताराबरोबर, तो स्वतःचे बोल घेऊन पळतो आणि समेवर दोघं भेटतात. वारकरी भजनातही टाळकरी लय धरतात म्हणून मृदंगवाला सुटतो. त्याला साथ म्हणायचं आणि अलींना नाही? फरक आहे तो इतकाच की अलींनी हातावरचा तालही काढून टाकला.

एका पावसाळ्यात आम्ही हे करून पाहिलं. लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवणारा माझा एक मित्र आहे. आषाढात बँडवाले मोकळे असतात. त्यांच्या गोडाउनमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगलेल्या गणवेशांखाली, मी ड्रम सेट लावला. ठरवलं होतं: ठेका नाही, सम नाही. हात लगेच ऐकले, पण उजवा पाय ऐकेना. बास ड्रमच्या पेडलवर तो आपोआप चौकाचौकाने पडत राहिला, कारण ऑर्केस्ट्रात गाण्याचा सगळा भार त्यावरच असतो. शेवटी मी पेडलचा, ड्रमवर आदळणारा ठोकळाच काढून बाजूला ठेवला. पाय हलायचा, आवाज नव्हता.

तेव्हा मित्राचं वाजवणं बदललं. तोपर्यंत त्याची प्रत्येक ओळ आठ मात्रांत येऊन संपायची. आयुष्यभर वरातीत गाणी वाजवलेला माणूस, दुसरं काय करणार. पायाचा आवाज बंद झाल्यावर त्याची ओळ श्वास संपेल तिथे संपायला लागली. कधी लांब, कधी दोनच सूर. आणि मी काठ्या हलक्या करून त्याच्या श्वासाची वाट बघत होतो, तो श्वास घेई तेवढ्या जागेत झांज उचलत होतो. घामाघूम झालो. ठेक्यात साथीदाराला विसावा असतो, हे त्या दिवशी अंगाला कळलं. तीनताल आपण उद्याच्या बिदागीचा हिशेब करत करतही वाजवू शकतो, आणि वाजवतो, हे कुणीही साथीदार छातीवर हात ठेवून नाकारणार नाही. ठेका सोडला की एक क्षणही कान मिटता येत नाही.

दादा छत्री मिटून दारात उभा होता. किती वेळ ते मला माहीत नाही. म्हणाला, "तुम्ही एकमेकांचं ऐकत होतात, हे मान्य. पण साथ नव्हे ती." मी म्हटलं, ऐकणं नाही तर साथ म्हणजे दुसरं काय असतं रे? त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते गुरुजींचं नाव घेऊन दिलं, आणि गुरुजींचं नाव आल्यावर आमच्यात कुणी पुढे बोलत नाही.

कोल्ट्रेन मात्र याबद्दल स्वच्छ बोलून गेलेत. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या १९६६च्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर त्यांचं म्हणणं छापलंय: अली एकाच वेळी अनेक दिशांना जाणाऱ्या लयी मांडत असतात, त्यामुळे मी कधीही कुठल्याही दिशेला वळलो तरी ते जुळणारच, अशी खात्री असते. ज्याच्यासाठी साथ करायची, तोच ही पावती देतोय. दादाच्या पावतीची गरज राहते का?

राहता राहिले एल्विन जोन्स, अलींच्या आधीचे कोल्ट्रेनचे ड्रमर. कोल्ट्रेनच्या चौकडीतले पियानोवाले मॅकॉय टायनर १९६५च्या शेवटी बाहेर पडले आणि पाठोपाठ १९६६च्या सुरुवातीला एल्विनही गेले. त्याचं खापर बरेच जण अलींवर फोडतात. मला हे पटत नाही. कोल्ट्रेनना दोन ड्रमर हवे होते, तो निर्णय त्यांचा होता. अलींचा स्वभाव ताठ होता हे खरं. कोल्ट्रेनच्या 'असेन्शन' या रेकॉर्डमध्ये एल्विनसोबत दुसरा ड्रमर म्हणून बसायचं होतं, तर ऐन वेळी ते त्यातून बाहेर पडले. पण ताठ स्वभावाचा माणूस वाईट साथीदार असतो असं कुणी सांगितलं?

मला जास्त राग येतो तो त्यांना 'कोल्ट्रेनचा शेवटचा ड्रमर' म्हणून निकालात काढतात त्याचा. कोल्ट्रेनसोबत ते जेमतेम दोन वर्षं होते. त्यानंतर १२ ऑगस्ट २००९ला न्यूयॉर्कमध्ये निधन होईपर्यंत ४२ वर्षं वाजवत राहिले, तीही बहुतेक स्वतःच्या बळावर. फिलाडेल्फियाचा, लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला माणूस. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कचे क्लब या संगीताला दार उघडेनात, तेव्हा त्यांनी सोहोतल्या ग्रीन स्ट्रीटवर स्वतःची जागा काढली, 'अलीज ॲली'. १९७९पर्यंत ती चालली. कंपन्या रेकॉर्ड काढेनात म्हणून 'सर्व्हायव्हल' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि सुरुवातीलाच फ्रँक लो यांच्यासोबत पुन्हा फक्त टेनर आणि ड्रम्स असं ध्वनिमुद्रण आणलं. शेवटच्या वर्षांत स्वतःहून कितीतरी लहान वादकांना घेऊन पाच जणांचा बँड चालवला. साथीदाराने स्वतःची बैठक भरवायची, स्वतःच्या नावाने माणसं जमवायची, हे आपल्याकडे अजूनही किती जणांना जमतं? गवयाच्या नावाच्या फलकावर खाली बारीक अक्षरांत 'साथ' म्हणून येण्यात आमची हयात जाते. दादाचीही गेली. त्याच्या हाताला जे येतं ते त्याने स्वतः पुढे बसून लोकांना ऐकवायला हवं होतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

तबल्याच्या विद्यार्थ्याने अलींना ऐकावं का, तर ऐकावंच. पण 'इंटरस्टेलर'पासून सुरू करू नका. जॉन यांच्या पत्नी ॲलिस कोल्ट्रेन यांची १९७१ची 'जर्नी इन सच्चिदानंद' आधी घ्या. मागे तानपुरा आहे, बासवर एकच आवर्तन फिरतंय, वर ॲलिस यांची हार्प, आणि अली शांतपणे लय धरून बसलेत. ठेका येत नव्हता म्हणून सोडला, असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायचं. मग जॉन कोल्ट्रेनची 'मेडिटेशन्स' ऐका, त्यात एल्विन आणि अली दोघंही आहेत. मग 'व्हीनस', आणि सगळ्यात शेवटी 'मार्स'.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी अलींना प्रत्यक्ष कधी ऐकलेलं नाही, हे सगळं ध्वनिमुद्रणांवरून लिहिलंय. सगळंच फ्री जॅझ, म्हणजे असं ठरलेली चौकट सोडून वाजवलेलं जॅझ, चांगलं असतं असं नाही. त्यात न ऐकता बडवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबत दादाचा शब्द मला मान्य आहे. शिवाय तुमचा विलंबित एकताल अजून डगमगत असेल तर ऐका जरूर, पण आत्ताच करून बघू नका. पेडलचा ठोकळा काढण्याआधी माझा पाय वर्षानुवर्षं त्यावर पडत होता.