पाटल्या तारण ठेवून लेकीसाठी बोलकं यंत्र घ्यावं का?

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक ९ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. तिला समजतं सगळं, पण तिचं बोलणं घरच्यांनाही अर्धंच कळतं आणि हात ताब्यात राहत नाहीत. एका प्रदर्शनात त्यांनी नजरेवर चालणारं यंत्र पाहिलं. मूल पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहतं आणि यंत्र तो शब्द मोठ्याने म्हणतं. पाच मिनिटांत लेकीने ‘पाणी’ निवडलं आणि आईला तिथेच रडू फुटलं. कोटेशन ३ लाख ८० हजारांचं आहे. २ लाख ४० हजारांची एफडी मोडायची आणि उरलेल्या १ लाख ४० हजारांसाठी पाटल्या तारण ठेवायच्या, असा बेत आहे. नवऱ्याचा पगार हातात ५२ हजार, त्यातून घराचा हप्ता १३ हजार जातो. सासूबाई म्हणतात, ‘आईला पोरीचं सगळं कळतं, मग यंत्र कशाला?’ ताई विचारतात, घेऊ का?

ताई, हे यंत्र आत्ता घेऊ नका. पण लेकीला बोलायचं साधन मात्र याच महिन्यात द्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रदर्शनात त्या एकच वाटतात, कारण तिथे समोर एकच यंत्र असतं.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं बोलू, कारण खर्च करायचा की नाही हे तिथेच ठरतं. तुम्हाला तिचं कळतं, ते तुम्ही समोर असता तेव्हा. शाळेच्या गाडीत, दवाखान्यात, तुम्ही तापाने अंथरुणात असाल त्या दिवशी कोण सांगणार? पोट दुखतंय की भूक लागली आहे, कुणी चिमटा काढला का, हा फ्रॉक नको तो हवा, हे तिचं तिला सांगता आलं पाहिजे. याला मी हौस म्हणत नाही. माझ्या लेखी हा खर्च शाळेच्या फीच्या रांगेत बसतो. आणि चित्रं किंवा यंत्र दिल्याने मूल बोलायचं थांबतं ही भीती मनातून काढून टाका, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

आता पैसे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४० हजार लागतात असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे ती एफडी तुमच्या घराचा सहा महिन्यांचा श्वास आहे. कंपनीत काम कमी झालं किंवा लेकीचं ऑपरेशन निघालं तर दुसरं काहीही हाताशी नाही. शिवाय १ लाख ४० हजारांचं कर्ज दोन वर्षांत फेडायचं तर दहा टक्के व्याज धरूनही महिन्याला साधारण साडेसहा हजार जातील. लेकीची स्पीच थेरपी आठवड्यात दोनदा, ६०० रुपयांप्रमाणे, म्हणजे महिन्याला ४,८०० रुपये. हात आखडला की पहिली काट तिथेच बसेल, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मग यंत्र कपाटावर जातं. त्यावर बोलायला शिकवणारं माणूसच परवडेनासं झालेलं असतं.

दुसरं, ‘पाणी’ एकदा निवडता येणं ही परीक्षा नव्हे. यंत्रातला कॅमेरा डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकून नजर कुठे आहे ते मोजतो. तिरळेपणा असेल, डोळे थरथरत असतील, मान सारखी हलत असेल किंवा खिडकीतून ऊन येत असेल तर ते मोजमाप चुकतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत नजरेच्या अडचणी बऱ्याचदा असतात. काहींना डोळ्यांपेक्षा गुडघ्याने किंवा डोक्याने दाबायचं एकच बटण, म्हणजे स्विच, जास्त सोपं जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब एका बोटाने टाइप करत लंडनला जाऊन शिकल्या. तुमच्या लेकीची भरवशाची हालचाल कोणती, हे स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून हातापायांच्या हालचालींवर काम करणारे) यांनी मिळून पाहायला हवं. त्या तपासणीवर खर्च करा. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा आणि श्रवण अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेत जाऊन या, नाशिकहून एका दिवसाची फेरी आहे.

तोवर घरी काय करायचं? फोटोफ्रेमवाल्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा कापून घ्या आणि चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा. तो तिच्या आणि तुमच्या चेहऱ्यांच्या मधे धरा आणि ती कुठे बघते ते पलीकडून वाचा. खर्च काहीशे रुपयांचा. तिची नजर किती टिकते हेही यातून महिनाभरात कळेल, आणि पुढे यंत्रवाल्याशी बोलताना तेच उपयोगी पडेल. आयआयटी मुंबईच्या डिझाइन स्कूलमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रं दाबून बोलायचं ॲप मोफत आहे, मराठीत आहे. तिला बोट लावता आलं नाही तरी तुम्ही स्वतः बोलताना त्यातली चित्रं दाबत जा. लहान मूल आधी वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं, इथेही तसंच असतं.

टॅब, स्टँड आणि थेरपिस्टने सुचवला तर स्विच, या सगळ्याला मी ३० हजारांची मर्यादा घालीन. त्यासाठी एफडी मोडू नका. त्याच एफडीवर बँक कर्ज देते, ते सहसा ठेवीच्या व्याजापेक्षा थोडंच महाग असतं. शिवाय महिन्याला ४ हजारांची आरडी लेकीच्या साधनांसाठी म्हणून वेगळी सुरू करा.

सरकारी मदतीचं थोडक्यात सांगते. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाची मर्यादा महिना ३० हजार आहे, तुम्ही त्यात बसत नाही. घरातल्या अपंग व्यक्तीसाठी आयकरात मिळणारी (८०डीडी म्हणून ओळखली जाणारी) ७५ हजारांची (तीव्र अपंगत्वात १ लाख २५ हजारांची) वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमच्या पगाराला नव्या प्रणालीत करच लागत नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ म्हणून कुणी यंत्र गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय हा आरोग्य विमा मात्र जरूर काढा. सेरेब्रल पाल्सीसाठी १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आजार आधीपासून आहे म्हणून नकार येत नाही आणि थेरपीचा काही खर्च परत मिळतो.

पत्रात न विचारलेली एक गोष्ट. नवऱ्याच्या नावावर ५ लाखांचीच पॉलिसी आहे. या घरात मुदत विमा यंत्राच्या आधी यायला हवा. लेकीला आयुष्यभर साधनं बदलावी लागतील आणि ती सगळी त्या एका पगारावर उभी आहेत.

सहा महिन्यांनी थेरपिस्ट म्हणाले की नजरेचंच यंत्र हवं, तर मी स्वतः घ्या म्हणेन. तेव्हा कोटेशन फोडून मागा. नजर टिपणारा कॅमेरा वेगळा घेऊन साध्या विंडोज लॅपटॉपला जोडता येतो, सगळं एकत्र असलेल्या संचापेक्षा ते स्वस्त पडतं. ३ लाख ८० हजारांचं यंत्र पाच वर्षं चाललं तरी महिन्याला सव्वासहा हजारांहून थोडे जास्तच पडतात, हे डोक्यात ठेवून बोलणी करा. नवऱ्याच्या कंपनीत कल्याण निधी किंवा सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) काही मिळेल का, तेही तोवर विचारून ठेवा.

विक्रेत्याला लेखी विचारा: घरी महिनाभर वापरून बघायला देणार का? आवाज मराठी आहे का, आणि आम्ही घरात वापरतो ते शब्द त्यात भरता येतात का? बिघडलं तर दुरुस्ती कुठे होते, तेवढे दिवस बदली यंत्र मिळतं का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर दुसरा विक्रेता शोधा.