कोणती डिस्क खेचायची? सर्व्हरच्या साठवणुकीविषयी वाचकांचे प्रश्न

लिनक्स आणि युनिक्स सर्व्हरना डिस्क जोडण्याविषयी आलेली पत्रे निरनिराळ्या गावांची असली, तरी त्यांतील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एकच आहे. पडद्यावर दिसणारे 'एसडीए', 'एसडीबी' हे त्या डिस्कचे कायमचे नाव आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः यंत्र सुरू होताना कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ती अक्षरे वाटली जातात, आणि पुढच्या वेळी तोच क्रम राहील अशी हमी कोणीही दिलेली नाही. खालील उत्तरे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : ४ टेराबाइटची म्हणून घेतलेली डिस्क सर्व्हरवर ३.६ दाखवते. दुकानदाराने फसवले का?

नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, तुमची आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते. फसवणूक कशी होते ते पुढे रेडविषयीच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या तंत्राविषयीच्या, उत्तरात येईल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हरला एक जादा डिस्क लावून तो पुन्हा सुरू केला, तर तो 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन थांबला. नवी डिस्क काढली की पूर्ववत सुरू होतो. विक्रेता डिस्क बदलून देण्यास तयार नाही.

या वेळी विक्रेत्याचे बरोबर असावे. कोणती डिस्क कोठे जोडायची याची यादी असलेल्या तुमच्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये जुन्या डिस्कची नोंद 'एसडीबी१' अशी केलेली असणार. नवी डिस्क आधी सापडल्यामुळे 'बी' हे अक्षर तिला मिळाले आणि जुनी 'सी' झाली. नव्या, कोऱ्या डिस्कवर पहिला विभागच नसल्यामुळे यंत्रातील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने त्याची ठरावीक ९० सेकंद वाट पाहिली आणि हात टेकले. 'बीएलकेआयडी' या आज्ञेने जुन्या विभागाचा यूयूआयडी (अक्षर बदलले तरी न बदलणारा ओळखक्रमांक) पाहून घ्यावा आणि फाइलमध्ये अक्षराच्या जागी तो लिहावा. त्यानंतर सर्व्हर लगेच पुन्हा सुरू न करता, 'फाइंडएमएनटी' व्हेरिफाय पर्यायासह चालवून नोंदी तपासून घ्याव्यात.

ज्या डिस्कवाचून यंत्र चालू शकते तिच्या नोंदीत 'नोफेल' लिहावे, हा सल्ला योग्यच आहे, परंतु तो अर्धवट दिला जातो. नोफेलमुळे डिस्क जोडली न जाताही यंत्र विनातक्रार सुरू होते, मात्र जोडणीसाठी ठेवलेली रिकामी डिरेक्टरी तशीच उरते, आणि रात्रीचा बॅकअप त्या डिरेक्टरीत, म्हणजेच मुळच्या सिस्टम डिस्कवर, ती भरेपर्यंत ओतला जातो. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टने 'माउंटपॉइंट' या आज्ञेने आधी खात्री करावी आणि डिस्क जोडलेली नसल्यास काम थांबवून निरोप पाठवावा. सर्व्हरवर परीक्षा विभागाचा डेटाबेस असेल, तर हे बदल जाणकार माणूस शेजारी बसवूनच करावेत.

प्रश्न : एक्सएफएस फाइल सिस्टम लहान कशी करावी?

व्यवहारात करता येत नाही. बॅकअप घ्यावा, नवी लहान फाइल सिस्टम करावी आणि माहिती परत आणावी.

प्रश्न : 'डीएफ' म्हणते डिस्क पूर्ण भरली, 'डीयू' म्हणते निम्मी रिकामी आहे. खरे कोण?

दोघेही. डीएफ व्यापलेली एकूण जागा सांगते, डीयू नावाने दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करते. कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसली आहे, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम अद्याप चालू आहे. युनिक्समध्ये फाइलचे नाव पुसले तरी तिला धरून असलेली शेवटची प्रक्रिया तिला सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ'ला 'अधिक एल एक' हा पर्याय दिला की अशा बेवारस फाइली आणि त्यांना धरून असलेले प्रोग्राम दिसतात. ती सेवा पुन्हा सुरू करावी. चालू लॉग पुसण्याऐवजी रिकामी करावी, म्हणजे ही वेळ येत नाही. फाइल डेटाबेसची असल्यास मात्र स्वतः काहीही न करता डेटाबेस सांभाळणाऱ्यांना विचारावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये चार डिस्कचे सॉफ्टवेअर रेड-५ आहे. दोन आठवड्यांपूर्वी एक डिस्क गेली असावी, पण काम सुरळीत चालू आहे. देखभालीचे गृहस्थ म्हणतात, 'तिसरी डिस्क खेचा, त्याच मापाची कोणतीही बसवा, बाकी आपोआप होते.' मार्चअखेर तोंडावर असल्याने हे एप्रिलमध्ये केले तर चालेल का?

चालणार नाही. रेड-५ एका डिस्कचे जाणे सोसते, आणि ती एक डिस्क तुमची गेलेली आहे. उरलेल्या तिन्हींपैकी कोणतीही आता गेली तर सभासदांची सगळी खाती एकदम जातील. वर्षातील सर्वाधिक ताणाचा महिना अशा अवस्थेत काढायचा बेत करणे हे सावधपणाचे लक्षण नव्हे. शिवाय 'गेली असावी' म्हणजे काय? सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी 'एमडीएडीएम' ही आज्ञा डिस्क बाद झाल्याबरोबर ई-मेल पाठवू शकते. तो बहुधा रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) टपालपेटीत, कोणीही न उघडलेला, पडून असेल. निदान यापुढे तरी तेथे एखाद्या जागत्या माणसाचा पत्ता द्यावा.

आता 'तिसरी डिस्क' या शब्दप्रयोगाकडे वळू, कारण माझ्या मते खरा अपघात येथेच होतो. तिसरी कोणाच्या मोजणीने? कर्नलची अक्षरे एका क्रमाने, मदरबोर्डवरील पोर्ट शून्यापासून, पेटीतील कप्पे कधी डावीकडून तर कधी खालून वर, आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या 'एमडीस्टॅट' फाइलीत दिसणारे तीन यू (चालू डिस्क) व एक मोकळी रेघ (गेलेली डिस्क) ही रेडमधील सदस्यांच्या क्रमाने. या चार मोजण्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. चुकीचा कप्पा खेचला की चांगली डिस्क बाहेर येते, रेड त्याच क्षणी बंद पडते, आणि मग घाबरलेला माणूस कोठेतरी वाचलेली 'क्रिएट'ची, म्हणजे रेड नव्याने बनवण्याची, आज्ञा देतो. तोवर बहुधा सावरता आले असते, त्या आज्ञेनंतर सावरणे फार कठीण होते.

म्हणून डिस्कला तिच्या अनुक्रमांकाने ओळखावे, दुसऱ्या कशानेही नाही. जिवंत असलेल्या तिन्ही डिस्कचे अनुक्रमांक 'स्मार्टसीटीएल'ने काढून कागदावर लिहावेत. यंत्र रीतसर बंद करून कप्प्यांतील डिस्कवरची लेबले वाचावीत. कागदावर ज्या डिस्कचा क्रमांक नाही ती मेलेली. यंत्र बंद करणे शक्य नसेल, तर 'डीडी'ने एकेक जिवंत डिस्क वाचायला लावावी आणि कोणत्या कप्प्याचा दिवा अखंड लुकलुकतो ते पाहत जावे. शेवटी न लुकलुकलेला कप्पा उरतो. दुसऱ्या माणसाने कागदाशी ताडून 'हीच' असे म्हटल्याशिवाय कप्प्याला हात लावू नये. नवी डिस्क बसवताना तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक कप्प्याच्या दर्शनी बाजूस चिकटवून ठेवले, तर पुढच्या वेळी यातले बरेचसे कष्ट वाचतात.

'त्याच मापाची कोणतीही' हे तर सरळ बाजारू बोलणे आहे. काही डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर अर्धवट चढवलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. त्यांच्यावर एक ओळ बदलायची तर शेजारच्या पट्ट्यांचेही पुन्हा लेखन करावे लागते. घरी चित्रपट साठवायला त्या ठीक आहेत, पण रेडच्या पुनर्बांधणीतील (नव्या डिस्कवर हरवलेली माहिती पुन्हा उभारतानाच्या) दीर्घ लेखनात त्या इतक्या मंदावतात की कधी कधी रेड त्यांनाच बाद ठरवते. २०२० साली एका नामांकित कंपनीच्या खास नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये हे तंत्र गाजावाजा न करता वापरल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हा डिस्क सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या) प्रकारची आहे, असे मॉडेल क्रमांकासह बिलावर लिहून घ्यावे. त्याचबरोबर वाचन अडल्यास ती किती वेळ झगडते, हेही विचारावे. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत चूक कळवतात, तर स्वस्त डिस्क त्याहून कितीतरी अधिक काळ झगडत राहू शकते, आणि कर्नल मात्र ३० सेकंदांनी तिचा नाद सोडतो.

या उलट '१२ टेराबाइटच्या पुढे रेड-५ची पुनर्बांधणी होतच नाही' ही ऐकीव गोष्टही अनेक जण मला पाठवतात. काही डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादी अवाच्य चूक होऊ शकते, असे दिलेले असते. त्या आकड्याचे साडेबारा टेराबाइट होतात आणि तेथून ही दंतकथा निघाली. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, भविष्यवाणी नव्हे. धोका वेगळाच आहे. पुनर्बांधणीत उरलेल्या सर्व डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे कोणी न वाचलेल्या कोपऱ्यातील खराबी नेमकी त्या वेळी उघडकीस येते. यासाठीच डेबियनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची तपासणी आपोआप लावलेली असते. सर्व्हर मंद होतो म्हणून ती बंद करून ठेवणारे लोक मला भेटले आहेत.

तुम्ही करायचे ते असे. आज रात्री डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्यावा आणि तेथे तो उघडून एका खात्याची शिल्लक जुळवून पाहावी, कारण न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरता येत नाही, आणि रेड तर मुळीच नाही. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून तत्परतेने पुसते. उद्या उरलेल्या तिन्ही डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतः ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद) काढावा. त्यातील १९७ क्रमांकाचा, म्हणजे प्रलंबित (वाचता न आल्याने संशयित ठरलेल्या) सेक्टरांचा, आकडा एकाही डिस्कवर शून्याहून अधिक असेल तर पुनर्बांधणी सुरू करू नये, तज्ज्ञाला बोलवावे. आकडे स्वच्छ असतील तरी डिस्क बदलताना रेडचे काम पूर्वी प्रत्यक्ष केलेली व्यक्ती समोर असू द्यावी. देखभालीच्या गृहस्थांना 'तिसरी' म्हणजे कोणत्या अनुक्रमांकाची, एवढे एकदा विचारून पाहावे.

प्रश्न : जुन्या एआयएक्स (आयबीएमचे युनिक्स) यंत्राला स्टोरेज विभागाने नवी एलयूएन (सामायिक स्टोरेजमधून दिलेली डिस्क) दिली, ती दिसत नाही. यंत्र पुन्हा सुरू करावे का?

गरज नाही. एआयएक्सवर 'सीएफजीएमजीआर', सोलारिसवर 'डेव्हएफएसएडीएम', एचपी-यूएक्सवर 'आयओस्कॅन' चालवावे. तरीही न दिसल्यास दोष स्विचवरील झोनिंगचा किंवा स्टोरेजवरील मॅपिंगचा, म्हणजे कोणत्या यंत्राला काय दिसावे या मांडणीचा, समजावा, आणि तो ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे जावे.

प्रश्न : फायबर चॅनलवरून आलेली एकच एलयूएन लिनक्सवर 'एसडीबी' ते 'एसडीई' अशी चारदा दिसते. तसेच ती दोन सर्व्हरवर एकाच वेळी माउंट करून फाइली सामायिक करण्याची आमच्या एका सहकाऱ्याची कल्पना आहे. चाचणीसाठी आम्ही एक्सटी४ करून तशी लावलीही आहे.

चार रस्त्यांनी एकच डिस्क दिसते आहे. मल्टिपाथ सेवा सुरू करावी आणि यापुढे ती जे एकत्रित नाव देईल तेच वापरावे, चारांपैकी एकही सुटे अक्षर नाही.

दुसरी कल्पना मात्र ताबडतोब सोडून द्यावी. एक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टम डिस्क आपल्या एकट्याच्या मालकीची आहे असे धरून चालतात. पहिला सर्व्हर रिकाम्या जागेचा हिशेब आपल्या मेमरीत ठेवतो, दुसरा आपल्या, आणि दोघेही त्याच जागेवर वेगवेगळ्या फाइली लिहितात. काही तास सारे ठीक दिसते, म्हणूनच चाचणी यशस्वी झाली असे वाटते. सामायिक फाइलींसाठी एका सर्व्हरवर माउंट करून दुसऱ्याला एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीने) द्यावे. जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टम हवीच असेल तर तिच्या फेन्सिंगसह (बिघडलेल्या सर्व्हरला डिस्कपासून तोडण्याच्या सोयीसह) ती उभारण्याचे काम अनुभवी माणसाकडेच द्यावे.

दोन्ही सर्व्हरवरील लेखन आत्ता थांबवावे, दोन्हीकडून ती अनमाउंट करावी, आणि चाचणी म्हणता म्हणता तेथे कोणी खऱ्या फाइली ठेवल्या असतील, तर एलयूएनची संपूर्ण प्रत घेऊन स्टोरेजच्या अभियंत्याशी बोलल्याशिवाय 'एफएससीके' (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नये.