न्यूयॉर्कच्या रानात पहिला ट्रॅक्टर: रावेरचा हिशेब इथे लावू नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. ग्रीन कार्ड हातात आलंय, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे घर पाहिलंय, सोबत १४ एकर जागा आणि त्यातली ११ एकर झाडी. हिवाळ्याचं सरपण रानातूनच काढायचं, वाटा मोकळ्या ठेवायच्या, घरासमोरचा बर्फ सरकवायचा. रावेरला केळी-कपाशीत ४५ एचपीचा ट्रॅक्टर चालवायची सवय आहे, म्हणून इथेही तेवढाच घ्यावा का, महिंद्राच घ्यावा का, आणि घरचा रोटाव्हेटर कंटेनरमध्ये टाकून आणावा का, एवढं तुम्ही विचारलंत.

रोटाव्हेटर तिथेच राहू द्या. अवजाराला माती चिकटलेली असेल तर अमेरिकेच्या बंदरावर अडकतं. शिवाय घरच्या ट्रॅक्टरची थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे अवजार जोडायची तीन सांध्यांची जोडणी, कॅटेगरी २ ची, खालच्या पिना १ १/८ इंचाच्या. इथल्या कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरची लिंकेज कॅटेगरी १ ची, खालच्या पिना ७/८ आणि वरची ३/४ इंच. पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, शाफ्ट तेवढा सारखाच, १ ३/८ इंच, सहा खाचांचा, ५४० आरपीएम. पण खरी अडचण जमिनीची आहे. तापीकाठची काळी कसदार इथे नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेले धोंडे आणि मुळांचं जाळं यांत रोटाव्हेटर घातला तर पहिल्या तासात पाती वाकतील. ट्रॅक्टर आणायचा विचार असेल तर तोही सोडा. इथल्या प्रदूषण नियमांत न बसणारं इंजिन आत येऊच देत नाहीत.

आता एचपी. आपल्याकडे ट्रॅक्टर नांगरट, वखरणी आणि ट्रॉलीवर मोजतात, म्हणून सगळी चर्चा एचपीवर येते. रानातलं काम उचलायचं आणि ओढायचं असतं. तिथे ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, लोडरची, म्हणजे पुढे बसवलेल्या उचलायच्या हातांची, ताकद आणि पोटाखालची मोकळी जागा कामाला येते. १६ इंच व्यासाचा, ८ फूट लांबीचा ओल्या रेड ओकचा ओंडका साधारण ७०० पौंड भरतो, म्हणजे तीन क्विंटलच्या वर. तो हलवताना इंजिनाची निम्मी ताकदही लागत नाही. अडतं ते हायड्रॉलिकवर आणि मागच्या चाकांवरच्या वजनावर.

म्हणून २५ एचपीच्या आसपासचं इंजिन बघा, पण मोठ्या चेसिसवरचं. एकाच एचपीत इथे दोन वेगळ्या जातीची यंत्रं मिळतात. सबकॉम्पॅक्ट, उदाहरणार्थ कुबोटाची बीएक्स मालिका किंवा जॉन डिअरची १ मालिका, ही लॉन आणि बागेसाठी आहेत. वजन दीडेक हजार पौंड, चाकं लहान, पोट जमिनीला टेकायच्या बेतात. रानात कापलेल्या झाडाचा खुंट पोटाखाली अडकला की चारही चाकं जागेवर फिरत राहतात. त्याच ताकदीचा मोठ्या चेसिसचा ट्रॅक्टर, जसा कुबोटा एल २५०१ किंवा जॉन डिअरच्या ३ मालिकेतला सर्वांत लहान, लोडर सोडून अडीच हजार पौंडांच्या पुढे जातो. पहिला ट्रॅक्टर म्हणून माझं मत याच गटाला. ४५ एचपीचा घेतलात तर वाटा रुंद कराव्या लागतील. २५ वाल्याला ८ फुटांची वाट पुरते.

२५ हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या टियर ४ या इंजिन-प्रदूषणाच्या नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ एचपी, या रेषेच्या वर काजळीची मर्यादा फार कडक आहे. ती पाळायला बहुतेक कंपन्या सायलेन्सरच्या जागी डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारी गाळणी बसवतात. म्हणूनच बाजारात २४.८, २४.९ असे आकडे दिसतात. डीपीएफ वाईट नाही, पण त्याला इंजिन बराच वेळ चढ्या आरपीएमवर चाललेलं लागतं. रानात काम कसं असतं? दहा मिनिटं चालवा, उतरा, करवत चालवा, पुन्हा दहा मिनिटं. इंजिन धड तापत नाही, काजळी साठते, मग यंत्र स्वतःहून ती जाळायला घेतं आणि आपण नेमकं तेव्हाच चावी बंद करतो. असं वारंवार झालं की डीलरकडची फेरी ठरलेली. २५ च्या खाली राहिलात तर हा ताप नाही. पीटीओवर १९-२० एचपी मिळतात, ते चार-पाच इंची चिपरला, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राला, आणि पाच फुटी झुडूप-कटरला पुरतात, फक्त सावकाश चालवायचं.

गिअरचा घ्यावा की हायड्रोस्टॅटिक? घरी तुम्ही गिअरवर चालवता, पण इथे हायड्रोस्टॅटिक घ्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, सतत गिअर बदलावा न लागणारा. लोडरच्या कामात पुढे-मागे सतत होतं आणि पेडलवर ते पायाच्या दाबाने होतं, क्लच झिजत नाही. पीटीओची थोडी ताकद जाते, ती जाऊ द्या. एकच सवय मोडावी लागेल: उतारावर चालत्या ट्रॅक्टरची रेंज (हाय-लो) बदलायची नाही. मधे न्यूट्रल लागलं की इंजिनाचा अटकाव सुटतो आणि ट्रॅक्टर घरंगळतो.

लोडरचा आकडा वाचताना फसगत होते. माहितीपत्रकात दिलेली क्षमता बहुधा पिनेपाशी, म्हणजे बकेट जोडतात त्या सांध्यापाशी, मोजलेली असते. ओंडका असतो दीड-दोन फूट पुढे, आणि तिथे क्षमता पाव हिश्शाने तरी घटते. त्यातून ग्रॅपलचं, म्हणजे ओंडका धरणाऱ्या जबड्याचं, तीनेकशे पौंड वजन वजा करा. पिनेपाशी ११०० पौंडांचा लोडर प्रत्यक्षात पाचशेच्या आसपास पूर्ण उंचीपर्यंत नेतो. वरचा ७०० पौंडांचा ओक तो जमिनीपासून फूटभर उचलेल, ट्रेलरवर चढवणार नाही. ओंडके रानातच चार-चार फुटांचे करून घेतले की हा प्रश्न मिटतो, आणि स्टोव्हसाठी शेवटी १६ इंची तुकडेच करायचे आहेत.

खरेदीच्या वेळी लोडरबद्दल दोन गोष्टी डीलरकडून लिहून घ्या. बकेट स्किड स्टिअरच्या क्विक अटॅच पाटावर, म्हणजे खटका फिरवून झटपट काढता-घालता येणाऱ्या जोडणीवर, हवी. काही मॉडेलांवर ती पिनांनी जोडलेली येते, मग फोर्क लावताना हातोडा घेऊन बसावं लागतं. दुसरं, ग्रॅपल कधी तरी घेणार असाल तर थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे जबडा उघडझाप करायला लागणारी हायड्रॉलिकची जादा जोडणी, आत्ताच बसवून घ्या, नंतर मजुरी जास्त लागते. पण पहिल्या वर्षी ग्रॅपल नको. साधे पॅलेट फोर्क, म्हणजे पुढे लावायचे दोन लांब सुळे, घ्या. ओंडके, फांद्यांचे भारे, दगड, सगळं त्यांच्यावर येतं.

आणि मागचं वजन. घरी ट्रॅक्टरला लोडर नसल्यामुळे याची सवय नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुढे भार उचलला की मागची चाकं हलकी होतात. ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना. अशा अवस्थेत टू-व्हीलमध्ये उतार उतरायला घेतला तर ब्रेक दाबूनही मागची चाकं घसरत जातात आणि ट्रॅक्टर थांबत नाही. उताराच्या आधी फोर-व्हील लावायचं, म्हणजे पुढच्या ॲक्सलमधून तोच ब्रेक पुढच्या चाकांनाही लागतो. आणि लिंकेजवर कायम वजन हवं: काँक्रीट भरलेली पेटी किंवा एखादं जड अवजार, ६०० ते ८०० पौंडांचं. टायरमध्ये द्रव भरून घ्या, पण साधं पाणी नाही, ते इथे गोठून टायर फोडतं. बीटाचा रस भरतात. गोठत नाही, रिम गंजवत नाही आणि पाण्यापेक्षा तीसेक टक्के जड असतो. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त, पण ट्यूब फुटली की रिम खातं. व्हॉल्व्ह वर बाराच्या काट्यावर आणून त्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के भरायचं. पुढच्या टायरमध्ये काही भरू नका.

टायर आर ४ प्रकारचे, म्हणजे कडक बाजूचे, घ्या. आपल्याकडचे खोल दातांचे आर १ चिखलात चांगले, पण त्यांची बाजू मऊ. पऱ्हाटीचे खुंट टायरला काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मेपलच्या रोपट्याचा तिरका कापलेला खुंट त्याच्या दसपट. म्हणून रोपटी कापताना जमिनीलगत आणि सपाट कापा. बर्फावर मात्र आर ४ निसरडे आहेत, मागे साखळ्या लागतील. साखळी मडगार्डला किंवा लोडरच्या ब्रॅकेटला घासते का, ते खरेदीआधी मोजून घ्या.

ओंडका ओढणं हे रानातलं सर्वांत जीवघेणं काम. साखळी नेहमी ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला, मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली. टॉप लिंकच्या (लिंकेजच्या वरच्या दांड्याच्या) जागी, सीटमागे किंवा रोल बारला (उलटल्यावर चालवणाऱ्याला वाचवणाऱ्या कमानीला) बांधली आणि ओंडका खुंटाला अडला, तर चाकं अडतात आणि ट्रॅक्टर स्वतःच्या ॲक्सलभोवती मागे उलटतो. क्लचवर पाय जाईपर्यंत सगळं झालेलं असतं. लिंकेजवर बसणारी, ३-४ टन ओढीची लॉगिंग विंच मिळते; ट्रॅक्टर वाटेवर उभा ठेवून दोर आत न्यायचा आणि ओंडका बाहेर आणायचा. महाग आहे, पण ११ एकरांत उतार असेल तर चिपरच्या आधी हीच घ्या.

रोल बार दुमडता येतो, आणि फांद्या लागतात म्हणून लोक तो दुमडूनच हिंडतात. तुम्ही फांद्या छाटा. बार उभा असेल तर सीट बेल्ट लावायचाच. बार दुमडलेला असेल तर बेल्ट लावायचा नाही, नाही तर उलटल्यावर माणूस ट्रॅक्टरखाली अडकतो. वरचं प्लास्टिकचं छत फक्त उन्हासाठी आहे, खोडासाठी नाही. वाळलेली झाडं लोडरने ढकलून पाडायची नाहीत. इथे ॲशची झाडं एमराल्ड ॲश बोरर या किडीने मरत चालली आहेत. ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये मिशिगनला सापडली. मेलेला ॲश आतून ठिसूळ होतो. खाली धक्का बसला की शेंडा तुटून सरळ चालवणाऱ्यावर येतो. खुंट उपटायलाही लोडर वापरू नका, सिलेंडरचे रॉड वाकतात. त्यासाठी एक-दोन दिवस मिनी एक्स्कॅव्हेटर भाड्याने आणा.

रानासाठी डीलरकडून पुढच्या जाळीचा गार्ड आणि पोटाखालचा पत्रा लावून घ्या. खाली हायड्रॉलिकच्या नळ्या आणि फिल्टर उघडे असतात. पुढच्या टायरचे व्हॉल्व्ह काटक्यांनी तुटतात, त्यांना लोखंडी टोपी घाला. रेडिएटरची जाळी दर दोन तासांनी झाडा. केबिन पहिल्या ट्रॅक्टरला घेऊ नका. काचा आणि दिवे फांद्यांनी फुटतात. बर्फाच्या कामात थंडी लागेल, ती कपड्यांनी निभवा.

थंडीचं म्हणाल तर मे महिन्यातल्या ४५ अंशांची सवय असलेल्यांना इथलं डिझेल चकवतं. साधं नंबर २ डिझेल शून्याखाली दहाच्या आसपास गढूळ होऊन फिल्टरमध्ये मेण धरतं. नोव्हेंबरपासून हिवाळी मिश्रणाचं डिझेल भरा आणि डिझेलचं गोठणरोधक कडक थंडीच्या आधीच घाला. मेण धरल्यावर घालून उपयोग नसतो. इंजिन गरम ठेवणारा विजेवरचा ब्लॉक हीटर बसवून घ्या, सुरू करण्याआधी दोन तास प्लग लावा, आणि सुरू झाल्यावर हायड्रॉलिक तेल तापेपर्यंत १०-१५ मिनिटं भार देऊ नका. लाल रंगाचं डिझेल करमुक्त असतं, ट्रॅक्टरला चालतं, रस्त्यावरच्या गाडीत घालणं गुन्हा आहे.

महिंद्राबद्दल: कंपनी १९९४ पासून अमेरिकेत आहे, यंत्रं दणकट आहेत. पण घरचा ४७५ डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. इथे विकली गेलेली त्यांची छोटी मॉडेलं बरीचशी कोरिया-जपानमध्ये तयार झालेली आहेत, पार्ट आपल्या जळगावच्या दुकानातून कुरिअरने येणार नाहीत. ब्रँडपेक्षा डीलर किती लांब ते पाहा. गावातला मिस्त्री बांधावर येऊन पंप उघडतो तसं इथे नाही. मजुरी तासाला १०० डॉलरच्या पुढे, ट्रॅक्टर उचलून न्यायचे पैसे वेगळे. अर्ध्या तासाच्या आत ज्याचं वर्कशॉप, त्याचा ट्रॅक्टर.

लोडरसह नवा २५ एचपी २० ते ३० हजार डॉलरमध्ये बसतो. शून्य टक्के व्याजाच्या जाहिराती दिसतील. त्या घेतल्या तर रोखीची सूट बहुतेक वेळा सुटते, म्हणून दोन्ही भाव मागा. शिवाय त्या चांगल्या क्रेडिट स्कोअरवाल्यांसाठी आहेत, आणि नवीन माणसाला स्कोअर उमटायलाच सहा महिने लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर आला की ठेव ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड काढा. तोवर पहिला हिवाळा बर्फ सरकवणाऱ्याला पैसे देऊन आणि सरपण विकत घेऊन काढा.

जुना घेणार असाल तर आपल्यासारखं आरसी बुक बहुतेक ठिकाणी नसतं. विक्रीपत्रावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि त्यावर कुणाचं कर्ज आहे का ते राज्याच्या यूसीसी नोंदीत, म्हणजे तारण ठेवलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीत, तपासा. जपानी अक्षरांची लेबलं असलेला स्वस्त कुबोटा किंवा यानमार दिसला तर तो ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला. रोल बार नसतो आणि स्थानिक डीलर पार्टला हात लावत नाही. पाहायला जाताना इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा, लोडर उचलून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि किती खाली येतो ते पाहा, पुढच्या ॲक्सलच्या सीलला तेल आहे का ते बोटाने बघा.

नव्याच्या पहिल्या १० तासांनंतर चाकांचे नट आणि लोडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. पहिली सर्व्हिस ५० तासांना. त्यात इंजिन ऑइलसोबत हायड्रॉलिकचा फिल्टरही बदलला का, ते बिलावर पाहून घ्या.