फ्लॅटच्या दारातल्या अंधाऱ्या पॅसेजला कोणता रंग द्यावा?

तुमच्या पॅसेजला खिडकी नाही आणि रुंदी जेमतेम चार फूट आहे, म्हणून सगळे पांढराशुभ्र सुचवत असतील. माझं मत वेगळं आहे. उजेडच नसेल तिथे शुभ्र पांढरा उजळ दिसत नाही, राखाडी आणि मळका दिसतो. त्यापेक्षा साईचा, फिकट पिवळसर किंवा हलका पीच घ्या.

शेड ठरवण्याआधी बल्ब ठरवा, कारण तिथे दिवसाही दिवाच लागणार. ३००० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात क्रीम छान खुलतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच रंग फिका आणि निर्जीव वाटतो. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका. सॅम्पलची छोटी डबी आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा दोन हात देऊन रंगवा, पूर्ण वाळू द्या आणि रात्री दिवा लावून बघा.

गडद रंगाची हौस असेल तर ती मुख्य दाराच्या आतल्या बाजूवर किंवा समोरच्या एकाच भिंतीवर भागवा. मोरपंखी, विटकरी, काहीही. लांब बाजूच्या भिंती मात्र फिक्याच ठेवा.

आणि फिनिश! इथे चपला, ओल्या छत्र्या, पिशव्या, मुलांचे हात सगळं भिंतीला लागतं. डिस्टेंपर अजिबात नको. पुसता येणारं सॅटिन किंवा सॉफ्ट शीन इमल्शन घ्या. फार चकचकीतही नको, पुट्टीतले उंचवटे दिसतात. छताला साधा मॅट पांढरा चालेल.

ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त, रंग नंतर.