पॉवर स्टेशन सुरू केलं की रेडिओ घरघरतो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वीज गेली की पंखा आणि दोन दिवे पोर्टेबल पॉवर स्टेशनवर (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात) चालवतो. पण तेव्हा रेडिओवर मीडियम वेव्हचं पुणे केंद्र लावलं की नुसती घरघर, आणि मधूनच एक शिट्टी येते आणि सरकत जाते. पॉवर स्टेशन ‘प्युअर साइन वेव्ह’चं आहे. तरी असं का? ते बिघडलंय का? (एक वाचक, बारामती)

बिघडलेलं नाही, ते असंच वागतं. ‘प्युअर साइन’ म्हणजे 50 हर्ट्झच्या लाटेचा आकार चांगला, इतकंच. त्यामुळे पंख्याची मोटर गुणगुणत नाही. रेडिओला होणाऱ्या त्रासाबद्दल त्या शब्दांत काहीच हमी नसते.

आतली बॅटरी थोड्या व्होल्टची असते. तिच्यापासून 230 व्होल्ट मिळवायला आधी तो दाब साधारण 350 ते 400 व्होल्ट डीसीपर्यंत चढवतात आणि मग त्याची साइन लाट बनवतात. दोन्ही कामं ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून होतात. यूएसबी, 12 व्होल्टचं सॉकेट, सोलर चार्जर, या प्रत्येकाचं असंच एक स्वतंत्र सर्किट असतं. या चालू-बंद होण्याच्या पटीतल्या लहरी वरपर्यंत पसरतात. समजा एखादं सर्किट 66 किलोहर्ट्झवर चालतंय. त्याची बारावी पट 792, म्हणजे नेमकं पुणे केंद्र! भार आणि तापमान बदललं की ते 66 थोडं हलतं आणि वरची पट बारापट हलते. तुमची शिट्टी सरकते ती यामुळे.

आता दोषी सर्किट शोधा. रेडिओ त्याच्या स्वतःच्या सेलवर चालवा, पॉवर स्टेशनला जोडू नका. सुई केंद्राच्या बाजूच्या रिकाम्या जागी ठेवा. आधी पॉवर स्टेशन पूर्ण बंद करून ऐका. तरीही घरघर असेल तर ती दुसरीकडून येते आहे. इन्व्हर्टरवर चाललेलं शेजाऱ्यांचं घर किंवा एखादा एलईडी दिवा तपासा. शांत असेल तर फक्त मुख्य बटण दाबा, मग यूएसबीचं, मग 12 व्होल्टचं, मग काहीही न जोडता एसीचं, आणि शेवटी एकेक उपकरण जोडा. पुष्कळदा असं दिसतं की एसी रिकामं असताना आवाज सहन होण्याइतका असतो आणि पंख्याची वायर लावताच दुप्पट होतो. पंखा निर्दोष असतो. त्याची वायर अँटेनाचं काम करत असते.

हे हातानेच पडताळता येतं. रेडिओ पॉवर स्टेशनपासून लांब नेत जा, आवाज झपाट्याने पडेल. आता तोच रेडिओ वायरीच्या कडेकडेने फिरवा. चार मीटर अंतरावरही वायरीशेजारी घरघर तितकीच ऐकू येईल. म्हणून पहिला, फुकटातला उपाय: रेडिओ डब्यापासून आणि त्याच्या प्रत्येक वायरीपासून दोन मीटर दूर ठेवा, आणि जागच्या जागी वळवून पाहा. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे रेडिओच्या आतली आडवी फेराइटची (लोह-ऑक्साइडच्या चुंबकीय पदार्थाची) कांडी. ती ठरावीक दिशेला वळली की गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो. केंद्रही त्याच दिशेला पुसट होत असेल तर मात्र जागा बदलावी लागेल. न लागणारे विभाग त्यांच्या बटणाने बंद ठेवा. फोन चार्ज होत नसताना यूएसबी चालू राहिलेलं असतं.

प्रश्न: वायरीवर बसवायचे फेराइटचे क्लिप मागवले, चार लावले. कानाला काडीचाही फरक नाही. पैसे पाण्यात गेले का? (एक वाचक, सांगली)

क्लिप चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. क्लिपमधून वायर एकदाच जाते, म्हणजे एक वेढा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: आठ वेढे म्हणजे चौसष्टपट. चार क्लिप म्हणजे फक्त चौपट. मीडियम वेव्हवर एका क्लिपचा अडथळा इतका किरकोळ असतो की त्याची चौपटही किरकोळच.

मोठी रिंग घ्या. 61 मिलिमीटर व्यासाची, 35 मिलिमीटर भोकाची रिंग सोयीची पडते. फेराइटचं मिश्रण महत्त्वाचं, ते क्रमांकाने ओळखतात: 31 क्रमांकाचं 1 मेगाहर्ट्झच्या वर, शॉर्टवेव्हसाठी उत्तम. 792 किलोहर्ट्झसारख्या खालच्या जागेसाठी 75 क्रमांकाचं. तितक्याच वेढ्यांत ते तिपटीच्या आसपास काम देतं. 31 च्या रिंगवर आठ वेढ्यांनी या केंद्रावर सहा-सातशे ओहम मिळतात. कमी पडलं तर तशीच दुसरी रिंग तिच्यामागे लावा.

थ्री-पिन प्लग रिंगमधून जाणार नाही. म्हणून 1 चौरस मिलिमीटरची तीन तारांची लवचीक वायर दोन मीटर घ्या, तिचे आठ वेढे आधी रिंगवर घाला (सुमारे 65 सेंटिमीटर वायर त्यात जाते) आणि मग एका टोकाला प्लग, दुसऱ्याला सॉकेट बसवा. पंखा-दिव्यांना ही जाडी पुरते, इस्त्री किंवा गीझर यावर लावू नका. रिंग पॉवर स्टेशनच्या सॉकेटपासून वीतभर अंतरात हवी. तिकडे पंख्याजवळ लावली तर मधली सगळी वायर अँटेना म्हणून मोकळीच राहते.

तिन्ही तारा एकत्रच रिंगमधून जायला हव्यात. फक्त फेजची तार वेढली तर भाराचा पूर्ण प्रवाह रिंगला चुंबकीय दृष्ट्या भरून टाकतो आणि ती निकामी होते. एकत्र वेढल्या की जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि सर्व तारांवर एकाच दिशेने वाहणारा गोंगाट तेवढा अडतो. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर गोंगाट रिंगला बगल देऊन पार होतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ रिंगा मिळतात, पण बऱ्याचदा त्यांवर खूण नसते. जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग लोहभुकटीची असते, ती इथे कुचकामी. एलसी मीटर (वेटोळ्याचं इंडक्टन्स मोजणारा) असेल तर दहा वेढे घालून मोजा: या आकाराच्या 31 च्या रिंगवर 200 मायक्रोहेन्रीच्या आसपास यायला हवेत. सप्लायमधल्या लोहभुकटीच्या रिंगवर दहाच्या आतबाहेर दिसतील.

प्रश्न: परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) आहे. डोंगरावर जाऊन 7 मेगाहर्ट्झवर बोलतो. 100 वॉटचा सेट पॉवर स्टेशनच्या 12 व्होल्ट सॉकेटवर लावला, सोबत सोलर पॅनल. बँडवर S7 गोंगाट (सेटच्या सिग्नल मीटरवर सात). (एक वाचक, सातारा)

गोंगाट बाजूला ठेवला तरी ही जोडणी पुरी पडणार नाही. 100 वॉटला सेट 20 ते 22 अँपिअर ओढतो, तर ते सॉकेट बहुधा 10 अँपिअरचंच असतं. शिवाय पुष्कळ मॉडेलांत त्या 12 व्होल्टमागेही एक स्विचिंग (चालू-बंद होणारं) सर्किट बसलेलं असतं.

सेटसाठी वेगळी लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी घ्या: चार सेलची, 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तास, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सलग 30 अँपिअर देणारा. दोन्ही तारांना टर्मिनलजवळच 25 अँपिअरचा फ्यूज. 13.8 व्होल्टचे बहुतेक सेट पंधरा टक्के कमी-जास्त चालवून घेतात. बॅटरी आणि सेट यांच्यामध्ये स्विचिंग काही नाही, त्यामुळे त्या बाजूचा गोंगाट संपला. पॉवर स्टेशन लॅपटॉप आणि फोनपुरतं ठेवा, अँटेनापासून आठ-दहा मीटर लांब.

पॅनलचा चार्जर बहुतेक वेळा सर्वांत मोठा गुन्हेगार निघतो, कारण पाच-पाच मीटर तारा हवेत पसरलेल्या असतात. पॅनल पालथं घाला किंवा चादरीने झाका. S मीटर S7 वरून S3 वर आला तर 24 डेसिबलचा फरक पडला, आणि कारण सापडलं. उन्हात भार चालू असताना पॅनलचा जोड ओढू नका, ठिणगी धरते. आधी झाका, मग काढा. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्या आणि पॉवर स्टेशनच्या टोकाला 31 च्या रिंगवर दोन्ही मिळून आठ-दहा वेढे घाला.

कोअॅक्सवरही (सेटपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलवरही) चोक, म्हणजे वेढे घातलेली रिंग, लागतोच. एका टोकाने जोडलेल्या तारेच्या अँटेनात कोअॅक्सची जाळी आणि तिला जोडलेल्या सगळ्या वायरी अँटेनाचा भाग बनतात. आरजी-58 कोअॅक्सचे दहा-बारा वेढे 31 च्या रिंगवर घ्या. बोलताना पॉवर स्टेशन आपोआप बंद पडत असेल तर तोही त्रास याने बहुधा थांबेल.

प्रश्न: बाजारात धातूच्या डब्यातला ईएमआय (विद्युत-चुंबकीय गोंगाट अडवणारा) फिल्टर मिळतो. तो एसी आउटपुटला लावू का? की आत कपॅसिटर टाकून घेऊ? (एक वाचक, फोंडा)

दोन्ही टाळा. फिल्टरमधले वाय वर्गाचे कपॅसिटर अर्थकडे जोडलेले असतात. भिंतीच्या सॉकेटला खरी अर्थ असते, पॉवर स्टेशनच्या तिसऱ्या पिनला जमीन नसते. मग फिल्टरचा डबा दोन्ही तारांच्या मधोमध, प्रत्येकीपासून सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो आणि हात लागला की झिणझिण्या येऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून न्यूट्रलला खिळा ठोकून अर्थ देणारेही आहेत. तसं केलं की तरंगत्या (जमिनीशी न जोडलेल्या) आउटपुटचं संरक्षण जातं आणि एका तारेला हात लागला तरी झटका बसतो. रिंगवरच्या चोकला अर्थ लागत नाही.

आत हात घालू नका. बटण बंद असलं तरी मोठा कपॅसिटर काही काळ शेकडो व्होल्ट धरून ठेवतो, आणि लिथियम पॅकला बंद करायचं बटणच नसतं.

प्रश्न: नवं घ्यायचंय. दुकानात काय बघू? (एक वाचक, नाशिक)

सेलवरचा रेडिओ घेऊन जा. मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावा, पॉवर स्टेशन बंद ठेवून ऐका, कारण दुकानातल्या दिव्यांचा गोंगाट आधीच असतो. मग एसी चालू करून त्याच्या वायरीजवळ ऐका. यूएसबी, 12 व्होल्ट आणि एसी यांची बटणं वेगवेगळी असलेलं मॉडेल घ्या.