स्वयंसेवक-नोंदणीच्या नोकरीसाठी अमेरिकेत येऊ पाहणाऱ्यास

'ऑल ऑफ अस' या, लोकांची जनुके आणि आरोग्य यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संशोधन-प्रकल्पासाठी स्वयंसेवक नोंदवण्याची नोकरी स्वीकारून अमेरिकेत यावे का, आणि आपली माणसे अशा संशोधनात येतात का, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि पगाराविषयी अधिकृत माहिती मिळेलच. मी याच कामात असल्यामुळे तिथे न मिळणारे तेवढे लिहिते.

ओबामांनी २०१५ साली या उपक्रमाची घोषणा केली, मे २०१८ मध्ये देशभर नोंदणी खुली झाली आणि लक्ष्य ठरले दहा लाखांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये २,४५,३८८ जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले ७७ टक्के लोक आजवर संशोधनाबाहेर राहिलेल्या समाजगटांतले होते. हे यश खरे आहे. तरीही आशियाई वंशाचे लोक त्यात थोडेच आहेत, आणि नोंदणीचे सारे कागद इंग्रजी व स्पॅनिश या दोनच भाषांत आहेत. नागरिकत्वाची अट नाही, हे मात्र प्रत्येकाला आवर्जून सांगा, कारण व्हिसावर असलेला माणूस ते न विचारताच निघून जातो.

आपल्याकडची वडीलधारी मंडळी आली, की मुलगा फोनवर प्रश्नावली भरतो आणि आई शेजारी बसून राहते. कौटुंबिक आजारांच्या रकान्यापाशी हमखास थांबायला होते. आजोबा कशाने गेले? 'छातीत दुखले आणि गेले', एवढेच घरात कुणाला तरी ठाऊक असते. अशा वेळी घाई करू नये. स्टेंट बसवलेल्या एका काकांना मी समजावले, की क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध शरीरात गेल्यावर यकृतातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सक्रिय होते, आणि त्या विकराचे काम मंदावणारा जनुकीय बदल दक्षिण आशियाई लोकांत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बराच अधिक आढळतो. ते ऐकल्यावर त्यांनी रक्त द्यायला बाही वर केली. नमुना दिल्यावर मिळणाऱ्या २५ डॉलरांचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

लोक रकाने भरायला का कचरतात, हे मला मुलीच्या शाळेने शिकवले. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची पाहणी होते. मी 'मराठी' असे लिहिले आणि उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या मुलीला चाचणीला बसवून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकले. तिला तिथून काढण्यासाठी किती पत्रे लिहावी लागली, ते आठवले की आजही संताप होतो. खरे लिहिल्याची शिक्षा लेकराला झाली, असेच मला वाटत राहिले आहे. म्हणून वंशाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या बाईशी मी वाद घालत नाही. त्या माहितीचे पुढे काय होते आणि ती कोण पाहू शकते, एवढे सांगते आणि निर्णय तिच्यावर सोडते.

एकटेपणाचे म्हणाल, तर या नोकरीत दिवसभर माणसेच भेटतात. त्याची फार काळजी करू नका.

रुजू होण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारा: पदासाठी पैसा कुठवर आहे, आणि शनिवार-रविवारच्या मेळाव्यांना दुभाषी देणार का. २०१६ च्या कायद्याने या प्रकल्पासाठी ठरवून दिलेला निधी २०२३ नंतर झपाट्याने घटला आहे, तेव्हा पहिला प्रश्न संकोचाने टाळू नका.

लोक आपल्याला विचारतील, 'तुम्ही स्वतः दिलेत का रक्त?' मी दिले आहे. आनुवंशिक धोक्याचा निकाल हवा की नको, हे सहभागी व्यक्तीने ठरवायचे असते, आणि मी तो अद्याप मागितलेला नाही. माझे वडील हृदयविकाराने लवकर गेले. निकालात काय असेल याची भीती आहे, आणि ते मुलीला कधी सांगायचे हेही उमगत नाही. शिवाय २००८ चा कायदा आनुवंशिक माहितीवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करू देत नाही, परंतु आयुर्विम्याला तो लागू नाही. हे दोन्ही मी विचारणाऱ्याला सांगते, आणि तरीही बहुतेक जण सही करतात.